सीमोल्लंघनाची गाडी

चेअरमन रंगरावांच्या अंगणात एकाच आलिशान गाडीच्या तीन पिढ्या उभ्या होत्या. पहिलीत साधा रेडिओ, दुसरीत टीव्ही, तिसरीत तर फ्रिजसुद्धा. पहिली त्यांच्या दिवंगत भावाची.

"वहिनी, ही आता भंगारात. नवीपेक्षा एका तरी बाबतीत सरस दाखवा, ठेवतो."

"दसऱ्याला बघू, भावजी," इंदुमतीवहिनी म्हणाल्या.

सीमोल्लंघनाला निघताना रंगरावांनी बजावलं, "नव्या गाड्यांत चिखलाचे पाय नकोत!" मग सगळी भावकी पहिलीत कोंबून बसली.

आपट्याचं सोनं घेऊन रंगराव तिसऱ्या गाडीतून एकटेच शिवेवर आधी पोचले. मागून भरलेली गाडी आली.

"जिंकलो की नाही, वहिनी?"

"जिंकलात की. नवीत सगळं आहे, भावजी. फक्त सोनं द्यायला माणूस नाही."

परतताना रंगराव पहिलीत मागे बसले होते, मांडीवर दोन पोरं घेऊन.