तिवराची बोटे

कृतयुग सरत आले होते, तरी कुंपण म्हणजे काय हे पृथ्वीला अजून ठाऊक नव्हते. त्या काळी पश्चिमसागराच्या नीलवर्ण कुशीत एक चिमुकले बेट होते. भोवती मऊ चिखल, मध्ये मोत्याच्या चुऱ्यासारखी वाळू. त्या वाळूत सहस्रावधी कुररी पक्षिणी घरटे न बांधता, नुसत्या खळग्यात, ठिपकेदार अंडी घालीत. पहाटेच्या धुक्यात ते बेट पाण्यावर आहे की आकाशात, हे देवांनाही उमगत नसे. तेथे शैवली नावाची तपस्विनी राही. तिचे तप म्हणाल तर एवढेच, पाऊल पाहून टाकायचे. अंडे फुटू द्यायचे नाही.

पूर्वतीरावर राजा रुचिकेतू, पश्चिमेच्या द्वीपावर असुरराज तिमिरबाहू. दोघांनाही बेट हवे होते. कशाला? पिकत तर काहीच नव्हते. दुसऱ्याला मिळू नये म्हणून! ज्याच्या सुवर्णनांगराची पहिली रेघ मातीत उमटेल त्याची भूमी, असा तेव्हाचा राजधर्म. एके दिवशी दोन दिशांनी दोन नौका आल्या, दोहोंत नांगर.

शैवली आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, माते!" रुचिकेतू गर्जला. "हे बेट प्रथम आमच्या पूर्वजांनी पाहिले."

"चंद्रही पाहिला असेल त्यांनी. तिकडे कधी निघालास नांगर घेऊन?"

तिमिरबाहू खदखदून हसला. "बेट माझ्या समुद्रातून वर आले आहे, म्हातारे."

"समुद्र तुझ्या बापाचा का रे?"

रुचिकेतूपाठोपाठ असुरानेही नांगर खांद्यावर घेऊन वाळूवर उडी टाकली. पायाखाली एक अंडे फुटले. त्याला कळलेसुद्धा नाही. पण सगळा थवा एकदम आकाशात उसळला, आणि पांढऱ्या पंखांच्या त्या वादळात आंधळे होऊन दोघेही नौकांकडे हटले.

शैवलीने फुटके कवच ओंजळीत घेतले आणि वरुणाला हाक मारली. मकरारूढ जलाधिपती लाटेतून प्रकटला.

"वत्से, आज्ञा कर. दोन्ही नौका गिळून टाकतो."

"आणि अंडी? ही तुझी जुनीच खोड, राग आला की बुडव! मला वर दे, इथे नांगर लागूच नये."

"नांगर अडवायला चिखलात वन उभे करावे लागेल. पण चिखलात श्वास नाही, तपस्विनी. कोणाचा तरी द्यावा लागेल."

"माझा घे. पण ऐकून ठेव, मी मरणार नाही. देईन तसा परत घेईनही."

"तथास्तु!"

ती चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग हिरव्या पानांपर्यंत. तिच्याभोवती चिखलातून असंख्य टोकदार बोटे वर आली आणि बेटाला वेढून उभी राहिली. राजे पुन्हा सरसावले. बोटांत अडकून दोन्ही नांगर मोडले. रक्ताळल्या पायांनी दोघे परतले, "बेट माझेच" असे म्हणत.

तेच तिवराचे झाड. ओहोटीला त्याच्या बुंध्याभोवती ती बोटे उभी दिसतात. तेव्हा शैवली श्वास घेते. भरती आली की रोखून धरते. बेट कोणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. अंडी मात्र तिथे आतूनच फुटतात.