छत्री उघडा

एकदा एका वृद्ध गुरूंनी भर बाजारात, सौदा ठरता ठरता, आपल्याच बैलाच्या तोंडासमोर छत्री उघडली. सारा बाजार हसला. त्याचे असे झाले.

गुरूंचा आश्रम गावाबाहेर माळावर होता. त्या उन्हाळ्यात आश्रमाची विहीर ढासळली. पाणी कोसभरावरून आणावे लागे, आणि आणणारा एकच, त्यांचा तरुण शिष्य. विहीर बांधून काढायला पैसा हवा होता. विकण्याजोगे आश्रमात काय होते? एका भक्ताने दिलेला चांद्या बैल. देखणा, चार दाती म्हणजे ऐन तरुण, कपाळावर पांढरा चंद्र. खोड एकच, तो बुजायचा. डोळ्यांसमोर एकदम काही उघडले, फडफडले की चौखूर उधळायचा. एरवी गाईहून गरीब.

शिष्याने बाजारात त्याला लिंबाच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून बांधले. गुरू मिटलेली छत्री काखेत धरून बाजूला उभे राहिले.

गुळाचा एक व्यापारी आला. त्याने दात पाहिले, खूर उचलून पाहिले, शिंगांवरून हात फिरवला. त्या बाजाराची रीत अशी की भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटे दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे शंभर रुपये. भोवतालच्यांना काही कळता कामा नये.

व्यापाऱ्याने चार बोटे दाबली. शिष्याने पाच.

"जरा सांभाळून घ्या, महाराज," व्यापारी म्हणाला. "घाईत आहे मी. परवा सुनेला माहेरी पोचवायचंय. सातवा महिना लागलाय तिला. घाट उतरायचा, म्हणून म्हटलं, बैल शांत हवा."

शिष्याला चांद्याची खोड आठवली. त्याने गुरूंकडे पाहिले नाही. चांद्याकडेही पाहिले नाही. "देखणा बैल आहे," एवढेच तो म्हणाला. आणि ते खरेच होते.

व्यापाऱ्याने पाचव्या बोटाला हात घातला, तोच गुरू पुढे आले. त्यांनी रुमाल ओढून खांद्यावर टाकला, चांद्याचे तोंड वळवले आणि खटकन छत्री उघडली.

चांद्याने दावे तोडले. मिरच्यांच्या पोत्यावरून उडी घेतली. चौघांनी धावून त्याला धरले तेव्हा कुठे तो थांबला.

"बाबा, ऊन लागलं का डोक्याला?" कोणी ओरडले.

"स्वतःच्या दुकानाला आग लावणारा आज बघितला रे!"

व्यापारी मात्र पांढराफटक पडला होता. "आणि हा घाटात उधळला असता तर?" त्याने विचारले. गुरूंना नव्हे, शिष्याला. उत्तराची वाट न पाहता तो निघून गेला.

"विहीर गेली, गुरुजी," शिष्य रडवेला होऊन म्हणाला. "त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. त्यांनी विचारलंच नाही!"

गुरूंनी छत्री मिटली. "सत्य बोल, असं धर्म सांगतो. विचारलं तरच बोल, असं कुठे सांगतो? दात त्यांना दिसत होते, खूर दिसत होते. जे दिसत नव्हतं, ते फक्त आपल्याला ठाऊक होतं. म्हणून ते सांगणं आपल्याकडे आलं. बाळ, तू बैलाला भिंतीकडे तोंड करून बांधलंस ना, तेव्हाच खोटं बोलून झालं होतं. आणि त्या पैशाच्या विहिरीतलं पाणी मी देवावर कोणत्या हाताने घातलं असतं?"

शिष्याने तुटलेले दावे गाठले आणि चांद्याला बाजाराकडे तोंड करून बांधले.

एवढ्यात मघापासून पोट धरून हसणारी एक तेलीण पुढे आली. "काय रे, हा नुसता बघून बुजतो की आवाजालाही?"

"नुसता बघून." शिष्याने चांद्याच्या डाव्या पायावरून हात फिरवला. मग, कोणी विचारले नसताना, म्हणाला, "आणि पावसाळ्यात डावा पाय आखडतो."

"मग मला चालतोय की! घाण्याच्या बैलाला झापड बांधतातच. छत्री उघडा नाहीतर लग्नाचा मांडव उघडा, त्याला काय दिसणार?"

शिष्य सवयीने रुमाल पसरू लागला.

"ठेव तो बाजूला." तिने हात सर्वांना दिसेल असा उंच केला. पाच बोटे. मग एक मिटले. "पाच देणार होते. तू पायाचं सांगितलंस, आता चार."

शिष्याचा चेहरा पाहून बाजार पुन्हा हसला, पण या वेळी तोही हसला. सौदा भर उन्हात, उघड्या हाताने झाला.

तेवढ्यात व्यापारी घाईघाईने परत आला. "बाबा, जरा छत्री द्या."

"छत्री? छत्री कशाला?" पलीकडे तीन बैल घेऊन उभ्या असलेल्या दलालाचा आवाज चिरकला.

व्यापाऱ्याने त्याच्या एकेका बैलासमोर छत्री उघडली. पहिला उधळला. दुसऱ्याने दलालालाच ढुशी दिली. तिसरा शांतपणे रवंथ करत राहिला, आणि त्याच्याच गाडीतून ती सून तिसऱ्या दिवशी सुखरूप घाट उतरली. पुढच्या बाजारी तर प्रत्येक गिऱ्हाईक एकच म्हणू लागले, "रुमाल राहू द्या. आधी छत्री उघडा!"

विहीर बांधून झाली. एका बोटाचे पैसे कमी पडले, म्हणून कठड्याचा शेवटचा थर तेवढा राहिला. पुढे कोणी तो बांधून देऊ म्हणाले, तर शिष्य म्हणाला, "नको, तेवढी आठवण राहू द्या." नव्या विहिरीच्या पाण्याचा पहिला कलश त्यानेच देवावर घातला. उघडा सौदा केला होता, त्याच हाताने.

आपला माल बाजारात नेण्याआधी आपणही एकदा, घरच्या अंगणातच, त्याच्यासमोर छत्री उघडून पाहावी.