काळ्या खडकातला श्वास

हे कुणाला सांगायचे नाही, असे मला आईने बजावले होते. तरी सांगते.

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. त्याच्या भूमीखाली काळे दगड पुरलेले होते. मेलेल्या अरण्यांचा श्वास त्यांत कोंडलेला होता, आणि त्यावर एका मांत्रिकाचा पहारा होता. राजाने दगड उपसले, तलवारींच्या भट्ट्यांत जाळले. श्वास सुटला आणि घोंगडीसारखा आभाळभर पसरला. नदी आटली. मांत्रिक दरबारात आला.

"भूमीचा श्वास भूमीला दे. तोवर तुझ्या मुलीची वाचा माझ्याकडे."

राजकन्या मंजुळा त्या क्षणी मुकी झाली.

राजाने भट्ट्या विझवल्या आणि अरण्य लावले. झाडांनी सात वर्षे श्वास गिळला. आठव्या वर्षी मुदपाकखान्याने ती सरपणाला तोडून जाळली, आणि श्वास परत सुटला.

मग चुना भाजणारी गिरजा आली. तिने चुन्याच्या निवळीचे शंभर रांजण उघडे मांडले. निवळी दुधाळ झाली, श्वास पांढरा गाळ होऊन तळाशी बसला. पण सणाआधी महालाला सफेदी द्यायची रीत होती. चुन्यासाठी राजाने तोच गाळ भाजायला दिला, गिरजानेही सवयीने भाजला. श्वास पुन्हा आभाळात गेला.

खिडकीत बसलेला धनेश पक्षी म्हणाला, "राजा, चोर पकडलास आणि तुरुंगच पेटवलास."

गिरजा मान खाली घालून म्हणाली, "महाराज, सात पिढ्या आम्ही हेच करतो. माझ्याही ध्यानात आले नाही."

तिसरा उपाय धनेशाने सांगितला. गिरजाने पुन्हा रांजण मांडले. राजाने आरसेमहालातले आरसे काढून दिले, त्यांच्या उन्हाने तिने तोंड बंद केलेल्या भट्टीत गाळ भाजला. सुटलेला श्वास नळीने पाण्यात मुरवला आणि ते पाणी टेकडीच्या काळ्या खडकात खोल ओतले. खडक ते प्यायला. आत श्वासाचा पांढरा दगड झाला. असे बारा वर्षे चालले.

शेवटचा घडा ओतला तेव्हा सण तोंडावर आला होता. राजाने महालाच्या मळक्या भिंतींकडे पाहिले आणि चुना मागवायला तोंड उघडले.

"बाबा," मंजुळा म्हणाली, "भिंती तशाच राहू द्या."

राजा खाली बसला. त्या वर्षी सफेदी झाली नाही. नदीला पाणी आले.

खडकातले भोक बुजवले. जागा फक्त गिरजाला ठाऊक होती. तिने ती नातीला सांगितली, आणि तशीच ती आमच्या घरात माझ्यापर्यंत आली. टेकडीमागे तीन पळस आहेत, त्यांतल्या मधल्या पळसापासून डावीकडे वळले की

आले, आई.