निर्जलीकरणाची व्याख्या

“एक तरी व्याख्या चुकली असेल तर दाखवा. नाहीतर सही करा.” वैजयंताने दाखल्याचा कागद तिसऱ्यांदा पुढे सरकवला.

अनुसयाबाईंनी तो तिसऱ्यांदा मागे सरकवला. “एकही चुकली नाही. म्हणून तर सही होत नाही.”

वैजयंताच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिने ती या म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली राबली होती. आरोग्यसेविकेच्या पुस्तकातल्या तीनशे बारा व्याख्या तिला मुखोद्गत होत्या. बाईंनी स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांच्या सहीवाचून डोंगरावरच्या तीन वाड्यांचं काम तिच्या हाती येणार नव्हतं.

“तुम्हाला माझ्या शिक्षणाचा हेवा वाटतो, बाई.”

“वाटतो की. पुढचं बोल.”

पुढचं राहिलं. दारात एक सासू येऊन टेकली. तिच्या हातांवर पंधरा दिवसांचं बाळ, आणि मागे डोंगर उतरून आलेली बाळंतीण सून.

“हिचं दूध पुरत नाही,” सासू म्हणाली. “लेकरू रडून रडून सुकलं.”

बाईंनी हनुवटीनेच वैजयंताला खुणावलं. “निर्जलीकरण. सांग, आणि बघ.”

“शरीरातलं पाणी आणि क्षार प्रमाणाबाहेर कमी होणं,” वैजयंता घडाघडा म्हणाली. “जीभ कोरडी, ओठ फुटलेले, डोळे खोल, लघवी कमी, चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते.” बोलता बोलता तिने बाळाच्या पोटाला चिमटी लावून सोडली. कातडी लगेच बसली. तोंड ओलं, दुपटंही ओलं. “निर्जलीकरण नाही.”

“कुणाला?”

“बाळाला. आणखी कुणाला बघायचंय?”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माठातून तांब्या भरला आणि वैजयंताच्या डोक्यावरून सुनेपुढे धरला.

सुनेने सासूकडे पाहिलं.

“बाळंतिणीला पाणी चालत नाही, बाई. पोट सुटतं. दिवसाला दोन वाट्या देतो की आम्ही.”

बाईंचा हात तिथेच राहिला. जडशीळ पितळी तांब्या, सत्तरीतलं मनगट…

सासूने नजर वळवली.

सून प्यायली. एका दमात. दुसरा तांब्याही रिता केला. तिसऱ्याला श्वास घ्यायला थांबली आणि पदराने तोंड पुसलं, तेव्हा कुठे वैजयंताने तिच्याकडे नीट पाहिलं. ओठांना पांढऱ्या भेगा. डोळे खोल. आत्ताच घडाघडा म्हटलेली सगळी व्याख्या हाताच्या अंतरावर बसून होती.

वैजयंताने दाखल्याचा कागद स्वतःच उचलला, घडी घातली. मान मात्र वाकेना.

“तिने पाणी मागितलं नव्हतं,” ती म्हणाली.

“मागता आलं असतं, तर तू कशाला हवी होतीस?”