न दिसणाऱ्या चित्रांचे पैसे

साताऱ्यात निरंजनशेठचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जगातली सगळी अक्कल आपल्याच दुकानात उतरली, असं शेठना वाटायचं.

माझी नात केतकी तिथं गेमच्या मशीनसाठी प्रोसेसर घ्यायला गेली. नव्या मशीनला जोडून बघायला आणलेला तिचा जुना मॉनिटर मांडीवर घेऊन मीही बसलो होतो. प्रोसेसर दोन होते, एक महागडा आणि एक निम्म्या किमतीचा. महागडा घेतला तर ग्राफिक कार्डाला पैसे उरत नव्हते, आणि कार्डावाचून रविवारच्या स्पर्धेत तिला संघात कुणी घेणार नव्हतं.

“स्वस्तातला द्या, काका.”

“अगं पोरी, तुझ्या गेमला हा सेकंदाला शंभर चित्रं काढतो आणि महागडा दोनशे! लिंबूटिंबू म्हणून खेळायचंय का?” शेठ बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून हसले. “दोनशे जास्त नाहीत हे पटवून दे, तरच हा देतो.”

केतकी जागची हलली नाही. “आधी आबांच्या मांडीवरचा मॉनिटर बघा. तो सेकंदाला किती चित्रं दाखवतो?”

शेठनी मागची चिठ्ठी वाचली. “साठ.”

“म्हणजे महागड्याची एकशेचाळीस मला दिसणारच नाहीत.”

“न दिसेनात का! काढली तर जातात ना? त्याचेच पैसे पडतात.”

“मग देते की,” केतकी शांतपणे म्हणाली. “ते जास्तीचे पैसे मी माझ्या घरी बसून मोजते. तुम्हाला दिसणार नाहीत, पण मोजले तर जातील ना?”

सगळं दुकान खदखदून हसलं. शेठनी स्वस्तातला प्रोसेसर काढून ठेवला.

“आता कार्ड दाखवा,” केतकी म्हणाली.