बिनघंटेची कडजाई

कडजाईच्या देवळात शिरताना नव्या माणसाचा हात सवयीने वर जातो आणि रिकामाच खाली येतो. तुळईला लोखंडी कडी आहे, घंटा नाही. देवीशेजारच्या कोनाड्यात मात्र काशाच्या जुन्या-नव्या वाट्या एकात एक रचून ठेवलेल्या दिसतात. देवळाचे म्हातारे पुजारी बाळकोबा गुरव पाहुण्यांना आधी त्या वाट्यांच्या पाया पडायला सांगतात, मग हकिगत सांगतात.

फार मागे या गावात लिंबाजी ओतारी राहत असे. त्याची मुलं जगत नव्हती. रंगू झाली तेव्हा त्याने नवस केला, पोर वाचली तर पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशी घंटा वाहीन. रंगू चालू-बोलू लागली. गावाने घरोघरची फुटकी काशाची भांडी दिली आणि लिंबाजीने घंटा ओतली. तिचा नाद ऐकून नदीपारची गुरं चरता चरता थांबत, म्हणे.

त्याच वर्षी वैशाखात गावात ताप शिरला. माणसांचे डोळे आणि तळवे निखाऱ्यासारखे जळत. भागाई सुईण आपली काशाची वाटी घेऊन दारोदार फिरे. तळपायाला तूप चोळून वर वाटी घाशी. तूप काळं पडे आणि तळमळणाऱ्याला झोप लागे. पण वाटी एकच. ती एका घरी असताना दुसऱ्या घरचा माणूस हातचा जाई.

भागाई लिंबाजीकडे आली. "वाट्या ओतून दे, बाबा."

"कासं कुठाय, आजी? होतं नव्हतं ते घंटेत गेलं."

"मग घंटा आहे की."

"नवसाची आहे ती. मी ती मोडली, तर देवी माझी पोर नेईल."

लिंबाजीची बायको येसू पुढे झाली. "ज्यांनी भांडी दिली त्यांचीच लेकरं तापलीत. त्यांच्या जिवावर आपली जगवायची का?"

लिंबाजी देवळात गेला. रंगूला त्याने देवीच्या पायाशी बसवलं. "राग माझ्यावर काढ, आई. हिला सांभाळ," एवढंच म्हणाला आणि घंटेवर घण घातला. तो नाद गावात बराच वेळ घुमत राहिला, असे सांगतात.

आळीआळीत वाट्या गेल्या. माणसं सावरू लागली. भागाई मात्र त्याच तापात गेली. मग रंगूही तापली. नवस मोडल्याचंच हे फळ, असं मनात धरून लिंबाजी स्वतः तिचे तळवे घासत बसला. हात भरून आले तरी त्याने वाटी खाली ठेवली नाही. दिवस कलता कलता पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली. पुढे मोठी होऊन भागाईचं काम तिनेच चालवलं.

आजही कोनाड्यातली वाटी कोणीही न विचारता नेतो. दवाखान्याचं औषध चालू असलं तरी नेतो, आणि धुऊन परत ठेवतो. मध्यंतरी शहरातल्या एका भक्ताने देवीला मोठी घंटा आणून दिली. गावाने त्याला मानाने जेवू घातलं, श्रीफळ दिलं आणि दुसऱ्याच दिवशी घंटा ओताऱ्याकडे पोचवली. वरच्या चकचकीत वाट्या तिच्याच.