सोयरातली पावलं

भाविकहो, घोंगडे महाराज त्या काळी आसरखेड्याच्या ओढ्याकाठी, चिंचेखाली मुक्कामाला होते. अंगावर एक काळं घोंगडं आणि तोंडात नुसता जाळ! पण त्यामागची माया ज्यांना कळली, त्यांनी महाराजांना सोडलं नाही. भागू सुईण त्यांतलीच.

अप्पाशास्त्र्यांची सून मथू बाळंत झाली ती भागूच्याच हाताखाली. पोर गुटगुटीत, रडणं खणखणीत. पण दोन्ही पावलं आत वळलेली! भागूनं दारातूनच सांगितलं, "शास्त्रीबुवा, तालुक्याच्या डॉक्टरला दाखवा. उशीर नका करू."

शास्त्री खो खो हसले. "घ्या! आता सुईण वैद्यकी शिकवणार! दहा दिवस सोयराचा विटाळ, मग बारसं, मग जावळ. चालायला लागला की पाय आपोआप सरळ होतील. तू न्हाऊ घाल नि गप बस!"

काय म्हणावं या माणसाला! पंचांगात जावळाला मुहूर्त होता, पायांना तेवढा नव्हता.

तीन दिवस तिनं विनवण्या केल्या. चौथ्या दिवशी चरफडत, डोळे पुसत ती महाराजांपाशी गेली. "महाराज, उपचार कधी सुरू करावा? बारशानंतर चालेल का?"

महाराज कडाडले, "बारसं पायांचं आहे का गं? आज त्या पोराचे सांधे मऊ आहेत, उद्या तेवढे राहणार नाहीत. हे काय मला सांगावं लागतं? आज ने!"

"पण शास्त्रीबुवा वेस ओलांडू देणार नाहीत."

"सोयरात बाळ-बाळंतिणीला शिवतं कोण?"

"मीच."

"मग अडवायला हात कोण लावणार? कपाळ माझं! जा, गाडी जुंप!"

आणि तसंच झालं! मथू बाळाला पदराखाली घेऊन निघाली, भागूनं तिला गाडीत चढायला हात दिला. शास्त्री ओसरीवर थयथयाट करत राहिले. पण शिवलं तर विटाळ, म्हणून एक पाऊल पुढे टाकवेना.

तासाभरानं मात्र त्यांनी दुसरी गाडी काढली. ओढ्यापाशी थांबून ओरडले, "सुनेला बिघडवलंस रे, बुवा!" महाराज चिंचा सोलत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

तिकडे तालुक्याला भागू पोहोचली, तर डॉक्टर टांग्यात बसलेले, सामान बांधलेलं! महिन्याच्या रजेवर निघाले होते. भागूला पाहताच ते वैतागून म्हणाले, "वळलेल्या पावलांचं बाळ तुमचंच ना? तासभर तो घोंगडीवाला म्हातारा घोड्यापुढे बसलाय! म्हणतो, बाळाला बघितल्याशिवाय जायचं नाही. घोडंही हलेना!"

भागूनं पाहिलं. घोड्यापुढे कोणीच नव्हतं. तिनं त्या रिकाम्या जागेला हात जोडले.

डॉक्टरांनी सामान उतरवलं. पावलं हलक्या हातानं जितकी वळली तितकी बाहेर वळवून प्लास्टर घातलं. "दर आठवड्याला सोडायचं, थोडं आणखी वळवायचं, पुन्हा घालायचं. मी रजा पुढे ढकलतो. बरं झालं, पहिल्याच आठवड्यात आणलंत. उशिरा येणाऱ्यांचे फार हाल होतात."

एवढ्यात शास्त्री तणतणत आले आणि म्हाताऱ्याची हकिकत ऐकून दारातच थिजले.

"केव्हा बसला होता म्हणालात?"

"ही गाडी येईपर्यंत, चांगला तासभर."

"पण मी... त्याच वेळी मी त्यांना चिंचेखाली बघितलं! माझ्या डोळ्यांनी!"

परतताना त्यांनी चिंचेखाली महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, महाराज."

महाराज पाय मागे घेत म्हणाले, "माझे पाय धड आहेत रे बाबा! ते कशाला धरतोस? तीन दिवस जिला हसलास, तिला सांग. आणि दर आठवड्याला त्या पोराला तालुक्याला न्यायचं. तू स्वतः. मांडीवर घेऊन."

शास्त्री उठले. साऱ्या गावादेखत भागूपुढे वाकले. मग सोयराचा चौथाच दिवस असताना त्यांनी गाडीपाशी जाऊन दोन्ही हात पुढे केले, आणि मथूनं नातवाला त्यांच्या हातांत दिलं.